बाराशे रेटिंग, उजवा हात प्लास्टरमध्ये

संताप इतर माणसांना येतो. हेडक्लार्कांना तो असायचाच. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक शाखेत ते सव्वीस वर्षं बसत होते. नळाला नसेना का, आवक टेबलाला प्रेशर भरपूर आहे, असं अर्ज घेऊन येणारे लोक म्हणायचे, आणि त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव प्रेशरसाहेब पडलं होतं. हे नाव त्यांना माहीत होतं. त्याचाही त्यांना संताप होता.

असा माणूस बुद्धिबळाकडे का वळला हे विचारू नये. वळला, एवढं खरं. संध्याकाळी ऑफिसातून आलं की ते कॉम्प्युटरसमोर बसत आणि जगाच्या पाठीवरच्या कुठल्यातरी अनोळखी माणसाशी पाच-पाच मिनिटांचे डाव खेळत. पाच मिनिटांत समोरच्याचा राजा मारायचा, नाहीतर आपला मरू द्यायचा. बहुधा दुसरंच व्हायचं. मग ते त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून लगेच पुढचा डाव मांडत, आणि पहिल्या डावाचा राग दुसऱ्यावर काढायच्या नादात दुसराही घालवत. जिंकलं की चढणारं, हरलं की उतरणारं त्यांचं रेटिंग आठ महिन्यांत सातशे ऐंशी झालं होतं. सुरुवात आठशेपासून झाली होती.

एका रविवारी साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर, आणि त्याच साइटवर चौदाशे रेटिंग बाळगून असलेले. ते हेडक्लार्कांच्या खुर्चीमागे उभे राहिले, तीन डाव मुकाट्याने पाहिले, तिन्ही डावांत हेडक्लार्कांचा वजीर फुकट गेलेला पाहिला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, रागावू नका."

रागावू नका हे शब्द कानावर पडले की हेडक्लार्क आधी रागावून घेत, मग पुढचं ऐकत.

"बुद्धिबळ हा तुमच्या स्वभावाचा खेळ नाही. तुम्ही कॅरम खेळा."

हे सासूबाईंसमोर झालं, मेव्हणीसमोर झालं आणि बायकोसमोर झालं. एकट्यात कोणी काही बोललं तर माणूस एक वेळ गिळून टाकतो. सासुरवाडीसमोर बोललेलं गिळता येत नाही. हेडक्लार्क उठून उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की पाच महिन्यांनी सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, त्याच्या आत आपण बाराशे रेटिंग करून दाखवू. नाही झालं, तर त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून 'डॉक्टर म्हणाले ते खरं आहे' असं सांगू. आणि झालं, तर डॉक्टरांनी उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं. साडूंनी ताबडतोब मान्य केलं आणि हसले. त्यांचे सगळे दात उत्तम होते.

हेडक्लार्क बाराशे करणार ही बातमी इमारतीत पसरली, आणि मग सल्ले सुरू झाले. फुकटचा सल्ला द्यायला कोणाची ना नसते. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं की प्रत्येक डाव वहीत उतरवून काढा. हेडक्लार्कांनी उतरवला आणि स्वतःच्या चाली वाचून त्यांना इतका राग आला की वही फाटली. समोरच्या विमा एजंटाचं म्हणणं, खेळताना संथ संगीत लावा. संथ संगीताच्या तालावर हेडक्लार्कांचे दोन डाव वेळ संपून गेले. खालच्या शिंप्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खुर्ची उंच हवी हे त्यालाही कळत होतं. बायको तेवढी काही बोलली नाही. ती एका मोठ्या दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर तेवीस वर्षं काम करत होती आणि संध्याकाळी मागे बसून कपड्यांच्या घड्या घालायची, स्क्रीनकडे बघत.

खुर्ची उंच केली, तेव्हा इंटरनेट पडलं. ते नेहमीच पडायचं, पण आता जिंकत आलेल्या डावात पडायला लागलं. समोरच्याकडे एकटा राजा, हेडक्लार्कांकडे दोन हत्ती, आणि स्क्रीनवर गोल फिरणारं चाक. साइट म्हणायची, तुम्ही डाव सोडून गेलात, म्हणून हरलात. डाव सोडून गेलो? मी? हेडक्लार्क त्या चाकाला विचारत. त्यांनी कंपनीला फोन केला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका बाईंनी चाळीस मिनिटं सांगितलं. मग एक तंत्रज्ञ आला आणि म्हणाला, नवीन वायर टाकावी लागेल, त्यासाठी इमारतीच्या सेक्रेटरीचं परवानगीपत्र आणा. सेक्रेटरी निवृत्त ऑडिटर. त्यांनी अर्ज पाहिला आणि दोन प्रती आणा म्हणून परत केला.

आता सव्वीस वर्षांत हेडक्लार्कांनी स्वतः किती माणसांना दोन प्रतींसाठी परत पाठवलं असेल याची गणती नाही. पण तो नियम होता, आणि हा निव्वळ आडमुठेपणा होता, हा फरक त्यांना स्पष्ट दिसत होता.

दोन प्रती दिल्या, परवानगी मिळाली, तंत्रज्ञ ड्रिल घेऊन आला. भोक कुठे पाडायचं हे हेडक्लार्कांनी बोटाने दाखवलं. बायकोने मागून विचारलं, "नक्की?" हेडक्लार्क म्हणाले, "नक्की." ड्रिल भिंतीत गेलं, आणि ज्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून दर आठवड्याला तक्रार येते, त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली. पाणी शिंप्याच्या घरापर्यंत उतरलं. रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद केल्याखेरीज दुरुस्ती होणार नव्हती, आणि व्हॉल्व्ह बंद करायला पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज करावा लागतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कांनी हेडक्लार्कांकडे अर्ज दिला. अर्ज वाचून पाहिला. सोबत जोडलेल्या सेक्रेटरींच्या पत्रावर शिक्का नव्हता. शिपाई समोर उभा राहून बघत होता. आपला तो बाब्या असं या टेबलावर कधी चाललं नव्हतं. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी एक पत्र मागच्या तारखेने आवक करायला सांगितलं होतं, तेव्हा हेडक्लार्कांनी नाही म्हटलं आणि त्यापायी बढती गेली. त्यांनी पेन उचललं, अर्जावर 'त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा' असा शेरा मारला आणि अर्ज स्वतःला परत केला. इमारतीतले लोक आणखी एक दिवस बादल्या घेऊन जिने चढले. त्या दिवसापासून विमा एजंटाने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

नवीन इंटरनेट मात्र झकास चालू लागलं. आता हरायला कारण उरलं नाही, आणि हेडक्लार्क आणखी वेगाने हरू लागले. रेटिंग सातशे चाळीसवर आलं. एका संध्याकाळी सलग अकरावा डाव चालला होता, आणि आयुष्यात एकदा मिळावी अशी स्थिती आली होती: एक चाल, की समोरचा मात. हेडक्लार्कांना ती दिसली. आनंदाने त्यांनी भलताच मोहरा धरला, घाईत तो शेजारच्या घरात सोडला, आणि समोरच्याच्या एका फडतूस प्याद्याने त्यांचा वजीर खाल्ला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी उजवी मूठ टेबलावर आपटली. टेबल जुन्या सागवानाचं होतं. त्याला काही झालं नाही.

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहून विचारलं, कसं झालं? हेडक्लार्क म्हणाले, बुद्धिबळात. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं आणि कागदावर 'खेळातील दुखापत' असं लिहिलं. तो कागद रजेच्या अर्जाला जोडावा लागला आणि ऑफिसभर फिरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर, दीड महिना.

वाढदिवसाला आता अडीच महिने राहिले होते. डाव्या हाताने माउस धरला की उंट घोड्यासारखा चालायचा. शेवटी बायकोनेच खुर्ची पुढे ओढली. तुम्ही सांगा, मी हलवते, म्हणाली.

अशी व्यवस्था झाली. हेडक्लार्क कोचावर उशीला प्लास्टर टेकवून बसत आणि तिथून ओरडत, "घोडा पुढे! वजीर घे त्याचा! अगं, घे!" बायको माउसवर हात ठेवून शांतपणे विचारी, "नक्की?" तिची ती खिडकीवरची सवय होती. डॉक्टरांची चिठ्ठी आली की ती एकदा परत वाचून दाखवायची, नक्की का विचारायची आणि मगच औषध काढायची. हेडक्लार्कांना या नक्कीचा भयंकर राग यायचा. पाच मिनिटांच्या डावात नक्कीला वेळ कुठे असतो? पण विचारल्यावर पुन्हा पाहावं लागे, आणि पुन्हा पाहिलं की निम्म्या वेळा दिसे, की तो घोडा उचलला तर मागे राजा उघडा पडतोय. मग ते "राहू दे, तो उंट" म्हणत, जणू पहिल्यापासून उंटच मनात होता.

उरलेल्या निम्म्या वेळा ते "नक्की म्हटलं ना!" असं ओरडून समोरच्याच्या घड्याळाकडे डोळे लावत.

आणि रेटिंग चढू लागलं. आठशे. साडेआठशे. नऊशे झाल्यावर हेडक्लार्कांनी मुख्याध्यापकांना जिन्यात गाठून सुधारणेवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. हजार झाल्यावर शिंप्याला खुर्चीचं श्रेय द्यायला साफ नकार दिला. कधीकधी पटावर पाहताना त्यांना वाटे, हत्ती इथे कसा, आपण तर तिथे म्हणालो होतो. पण हत्ती इथेच चांगला दिसत होता, म्हणजे इथेच म्हणालो असणार. चांगलं घडलं की ते आपणच केलं, याबद्दल त्यांना कधी शंका यायची नाही. प्लास्टर निघालं तरी हात आखडलेला होता, म्हणून व्यवस्था तशीच चालू राहिली. वाढदिवसाला दोन आठवडे असताना आकडा बाराशे सातवर जाऊन उभा राहिला.

त्या रविवारी साडूंना खास बोलावणं गेलं. वाढदिवसापर्यंत धीर धरवत नव्हता. साडू, मेव्हणी, सासूबाई, सगळे कॉम्प्युटरसमोर अर्धगोल करून बसले आणि हेडक्लार्कांनी डाव्या हाताने साइट उघडली. बाराशे सातच्या जागी एक लाल चौकट होती. मजकूर इंग्रजीत होता. साडूंनी तो मोठ्याने मराठी करून वाचला. बाहेरची मदत घेऊन खेळल्याच्या संशयावरून आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.

"कॉम्प्युटरला विचारून खेळत होतात होय?" साडू म्हणाले. "मग रेटिंग चढणारच."

हेडक्लार्कांना त्या दिवशी जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागांहून वेगळा होता. आधीचे राग बाहेर पडत. हा आत बसून राहिला. ज्या माणसाने बढतीवर पाणी सोडलं पण तारखेचा एक आकडा बदलला नाही, त्याला लबाड म्हणायचं? तेही त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीवर बसून?

रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी साइटला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. जोडपत्र एक, हाताचा फोटो. जोडपत्र दोन, हाडाच्या डॉक्टरांचा दाखला. जोडपत्र तीन, कार्यालयाचं वर्तणूक प्रमाणपत्र. पत्नीचं निवेदन मागाहून पाठवीत आहे. अर्ज रवाना करून ते निवेदन लिहायला बसले: माझ्या पतीचा हात मोडल्यामुळे मी फक्त माउस हलवत होते, प्रत्येक चाल त्यांनी सांगितली आणि मी ती जशीच्या तशी केली. कागद बायकोसमोर ठेवला. तिने तो दोनदा वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"यावर मी सही करणार नाही."

"का?"

"खरं नाही म्हणून."

ती आत गेली आणि औषधाच्या कपाटातून एक वही घेऊन आली. पट्टीने ओळी आखलेली वही होती. सहा रकाने: दिनांक, डाव, सांगितलेली चाल, दिलेली चाल, कारण, आणि शेवटी 'रुग्णास कळविले'. चिठ्ठीतलं औषध बदलून दिलं की दवाखान्यात ज्या नमुन्यात नोंद करतात, त्याच नमुन्यात. एकूण दोनशे अकरा नोंदी होत्या. हत्ती फुकट जात होता. वजीर फुकट जात होता. शह दिसला नाही. आणि पानोपानी, ओळीमागून ओळ: रागात सांगितली. रागात सांगितली. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलेलं होतं.

हेडक्लार्क देवाचा शब्द एक वेळ खोटा मानतील, पण रजिस्टर खोटं मानणार नाहीत. आणि हे रजिस्टर त्यांच्या स्वतःच्या आवक रजिस्टरपेक्षा स्वच्छ होतं. त्यांनी आवाज चढवून विचारलं, की हे तू मला सांगितलं का नाहीस?

"तुम्ही शांत झालात की सांगणार होते," ती म्हणाली. "अजून झाला नाहीत."

आणि मग ती चिडली. इतक्या वर्षांच्या संसारात हेडक्लार्कांनी तिला चिडलेली पाहिली नव्हती. घरातला सगळा राग आपल्याच नावावर आहे अशी त्यांची समजूत होती. "मला तुमच्या बुद्धिबळात काडीचा रस नाही," ती म्हणाली. "पण माणूस दगावेल अशी चिठ्ठी माझ्या हातून पुढे जात नाही. तुम्ही ओरडायचं आणि मी नक्की का विचारायचं, जन्मभर हेच. भिंतीत भोक पाडताना विचारलं होतं. टेबलावर मूठ उगारलीत तेव्हाही विचारणार होते, पण तेवढा वेळच नव्हता. एकदा तरी विचारल्यावर पुन्हा बघितलंत का?" बुद्धिबळात निम्म्या वेळा बघितलं होतं, असं हेडक्लार्कांच्या ओठांवर आलं, पण ते त्यांनी आतच ठेवलं.

निवेदन गेलं नाही. त्याविनाच आठ दिवसांनी साइटचं उत्तर आलं. आपल्या डावांची फेरतपासणी केली. कॉम्प्युटरची मदत घेतल्याचं आढळलं नाही. इतक्या चुका कॉम्प्युटर करत नाही. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. लाल चौकट गेली आणि तिथे बाराशे सात पुन्हा उभं राहिलं.

वाढदिवसाला तीन दिवस होते. वहीची गोष्ट दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हती, आणि बायको आपणहून बोलणार नव्हती. साइटचं पत्र हातात होतं, निर्दोष. ते मोबाइलवर साडूंकडे पाठवलं, की काम फत्ते. हेडक्लार्कांनी ते पाठवलं. पाठवलं आणि मग तीन दिवस ते कोणावर ओरडले नाहीत. चहा थंड आला तरी प्यायले. ऑफिसात एक अर्ज विनासहीचा आला, तो त्यांनी नुसता परत केला, काही न बोलता, आणि अर्जदार घाबरून साहेबांकडे गेला.

वाढदिवसाला सासूबाईंच्या दिवाणखान्यात सगळे जमले. केक कापून झाला आणि साडू स्वतःहून उठले. माणूस तसा दिलदार. ते म्हणाले, आई, तुमच्या साक्षीने सांगतो, मी भाऊसाहेबांना ओळखलं नाही, मी चुकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच महिने ज्या क्षणासाठी पाणी तुटलं, हाड मोडलं, शेजार तुटला, तो क्षण हेडक्लार्कांसमोर उभा होता, आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"बसा खाली, डॉक्टर," ते ओरडले. "तुम्ही चुकला नाहीत. उगाच काय चुकलो, चुकलो लावलंय? ते डाव मी जिंकलेले नाहीत. ही जिंकली. मी फक्त ओरडत होतो. डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. ऐकलंत सगळ्यांनी? खरं आहे!" आणि पिशवीतून ती वही काढून त्यांनी सासूबाईंच्या पुढ्यात, केकशेजारी आपटली. डाव्या हाताने.

सासूबाईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रागात सांगितली. रागात सांगितली. वजीर फुकट. रागात सांगितली. चौथ्या पानावर मेव्हणीला हसू आवरेना, तिने तोंडाला रुमाल लावला. साडू वाकून एकेक नोंद बघत होते आणि त्यांची मान हलत होती. मध्येच त्यांनी विचारलं, ताई, माझ्याशी एक डाव खेळाल का? ताईंनी सांगितलं, की मला वेळ नाही.

मग तिने आईच्या हातातून वही घेतली, मांडीवर ठेवली, पर्समधून पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यातला पहिला 'नाही' खोडून तिथे 'कळविले' असं लिहिलं. त्याखाली दुसऱ्या ओळीत वरीलप्रमाणेच्या दोन बारीक रेघा मारल्या. तिसऱ्या ओळीत मारल्या. खाली दोनशे आठ ओळी बाकी होत्या.

हेडक्लार्क खुर्चीवरून पाहत होते. अब्रूचा पंचनामा झाला होता, सासुरवाडी हसत होती, केक कोणी वाटत नव्हतं. ते सगळं त्यांनी सोसलं. पण डोळ्यांदेखत रजिस्टरमध्ये रेघा मारलेल्या सव्वीस वर्षांत त्यांना सोसल्या नव्हत्या.

"हे चालणार नाही," ते गरजले. "रजिस्टरमध्ये वरीलप्रमाणे चालत नाही. प्रत्येक ओळीत पूर्ण शब्द लिही."

बायकोने पेन थांबवलं आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"नक्की?" तिने विचारलं.

हेडक्लार्कांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि वहीकडे पुन्हा एकदा पाहिलं.